आगगाडीतली आग कुठे विझली

१९३० साली दख्खनची राणी मुंबई-पुणे धावू लागली तेव्हा तिच्या पुढे विजेचं इंजिन होतं. कल्याण ते पुणे मार्गावर विजेच्या तारा आदल्याच वर्षी पोचल्या होत्या. बोरघाटात धापा टाकत गाडी वर चढवण्याचे वाफेच्या इंजिनांचे दिवस तिथून ओसरले. आता त्याच मुंबईहून नागपूरकडच्या गाडीत बसा. अकोला मागे पडलं की मूर्तिजापूर येतं. इथून अडीच फुटी रुळांचा एक फाटा उत्तरेला अचलपूरला जायचा, दुसरा आग्नेयेला यवतमाळला. या रुळांवर जिला सगळा वऱ्हाड ‘शकुंतला’ म्हणून ओळखतो ती गाडी ओढणारं वाफेचं इंजिन मँचेस्टरला १९२१ साली घडलेलं होतं. ते कामावरून उतरलं १५ एप्रिल १९९४ रोजी. घाटात वीज आली त्याला तोवर चौसष्ट वर्षं उलटून गेली होती.

वाफेची इंजिनं आडवळणाच्या मुलखात इतकी वर्षं का टिकली, या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं: तो मुलूख मागासलेला होता म्हणून. मला हे उत्तर अर्धवट वाटतं, आणि त्या मुलखातल्या माणसांवर अन्याय करणारंही. यवतमाळ मुंबईपासून जितकं लांब आहे त्याहून कितीतरी लांब ते रेल्वेच्या अग्रक्रमात होतं, हे खरं. जुनं सामान तिकडे पाठवायचं आणि नव्याची वाट पाहायला लावायची, हा प्रकार जगभर झाला. पण नुसतं पाठवून भागत नाही. सत्तर वर्षांचं इंजिन रोज सकाळी वाफ धरून उभं राहतं ते तिथे कोणीतरी ते जिवंत ठेवतं म्हणून. दुर्गम भागातल्या वाफेच्या शेवटच्या दिवसांचा आढावा घेताना मला या ‘कोणीतरी’कडे जास्त पाहावंसं वाटतं.

मराठीने या वाहनाला आगगाडी म्हटलं ते डोळ्यांनी पाहून. पुढे डिझेल आलं, वीज आली, आग दिसेनाशी झाली, तरी शब्द राहिला. वाफेच्या रेल्वेचं सगळं काम ती आग पेटती ठेवण्याचंच असतं. थंड पडलेलं इंजिन कामाला जोडायचं तर कित्येक तास आधी भट्टी पेटवावी लागते. घाई केली तर बॉयलरचा पत्रा एका अंगाने तापतो, दुसऱ्या अंगाने थंड राहतो आणि सांधे गळायला लागतात. रात्री इंजिन शेडमध्ये उभं असलं तरी एक माणूस त्याच्यापाशी जागा हवा: आग विझू द्यायची नाही, पाणी काचेच्या नळीतल्या खुणेखाली जाऊ द्यायचं नाही. ठरावीक दिवसांनी बॉयलर रिकामा करून धुवायचा. पाणी जड असेल तर आत क्षाराचा थर बसतो, आणि दुष्काळी मुलखात पाणी जडच असतं. रोज राख काढायची, धुराड्याखालची काजळी उपसायची. डिझेलचं इंजिन बंद करून ठेवलं की काही मागत नाही. वाफेचं इंजिन गोठ्यातल्या जनावरासारखं: उभं असतानाही खातं, पितं आणि राखण मागतं.

त्यात खातं ते वायाही फार घालवतं. कोळशातल्या शंभर भाग उष्णतेपैकी सहा-सात भाग गाडी ओढण्याच्या कामी आले तरी ते बरं इंजिन समजायचं. डिझेलमध्ये हा हिशेब तीसच्या घरात जातो. एवढा फरक असताना कोणीही शहाणा हिशेबनीस वाफ ठेवणार नाही. तरीही ठेवली, कारण हिशेबाला दुसरी बाजू होती. वाफेचं इंजिन लोहाराला कळतं. नळी फुटली तर ओढून काढायची, नवी ठोकून बसवायची. बुश झिजलं तर भट्टीत पितळ वितळवून नवं ओतायचं आणि लेथवर कातायचं. स्प्रिंगचं पान मोडलं तर ऐरणीवर घडवायचं. डिझेलचा इंधनपंप बिघडला की तो दूरच्या कारखान्यात पाठवावा लागतो आणि वाट पाहावी लागते. ज्या मुलखात सुटा भाग पोचायला महिने लागतात, परकीय चलन मिळत नाही, तेल बाहेरून येतं आणि कोळसा मात्र दाराशी निघतो, तिथे वाया जाणारी उष्णता परवडते. वाट पाहणं परवडत नाही.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी कुर्डुवाडीत दिसलं होतं. माझं आजोळ बार्शीचं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. तीही अडीच फुटी. एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, मग रूळ हलके चालतील आणि खर्च आटोक्यात राहील, हे त्यांचं सूत्र. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी डब्यांचे दांडे धरून, टपांवर बसून केलेला प्रवास सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मी लहान होतो. मुंबईच्या गाडीतून कुर्डुवाडीला उतरायचं आणि धावत जाऊन छोट्या गाडीत जागा धरायची. खिडकीशी बसलं की डोळ्यात कोळशाचा कण जाणार हे ठरलेलं, आणि आजी पदराचं टोक ओलं करून तो काढणार हेही. पण मला आठवते ती रुळांच्या कडेची राख. इंजिन खड्ड्यावर उभं राहून राख टाकायचं, वरून पाणी मारलं की फस्स करून पांढरा ढग उठायचा. तो विरायच्या आत चार-पाच बायका लोखंडी चाळण्या घेऊन पुढे सरसावायच्या. राखेतले अर्धवट जळालेले कोळसे वेचून पाटीत भरायच्या. इंजिनाने वाया घालवलेली उष्णता संध्याकाळी त्या वस्तीच्या चुलींत कामाला यायची. कोणत्याही तक्त्यात हा आकडा धरलेला नाही.

आजीचे भाऊ, आमचे मामाआजोबा, कुर्डुवाडीच्या शेडमध्ये फायरमन होते. हाताला धरून त्यांनी मला एकदा इंजिनाच्या दाराशी उभं केलं. भट्टीचं झाकण उघडलं तेव्हा आत लाल नव्हे, पांढरा उजेड होता. “लाल दिसला तर आग गार पडली समज,” ते म्हणाले. कोळसा टाकताना मनगट शेवटच्या क्षणी वळवायचे, म्हणजे तो एका जागी ढीग न होता पसरून पडायचा. आधी मागचे दोन कोपरे, मग बाजू, मध्यावर सर्वांत कमी. थोडा टाकायचा, पण सारखा टाकायचा. आणि टाकून झालं की वर पाहायचं, धुराड्याकडे. धूर काळा निघाला तर कोळसा न जळता चालला. त्यांच्या लेखी तो फायरमनचा कमीपणा होता. फिकट करडा धूर, जेमतेम दिसेल न दिसेल असा, ही त्यांची शाबासकी. ही गोष्ट मी पुढे वीस-पंचवीस वर्षं विसरून गेलो होतो.

भारतातला शेवट सगळ्यांना ठाऊक आहे तेवढाच सांगतो. चित्तरंजनच्या कारखान्यातून रुंद मार्गाचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७० साली बाहेर पडलं. त्याचं नाव ‘अंतिम सितारा’. रुंद मार्गावरची नियमित वाफेची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये पंजाबात, जालंधर-फिरोजपूर मार्गावर संपली. मीटर मार्गावरची इंजिनं गुजरातमध्ये वांकानेरच्या बाजूला शतकाच्या अखेरीपर्यंत रेंगाळली. त्यानंतर दार्जिलिंग आणि निलगिरी उरले, पण तिथे वाफ आहे ती पाहुण्यांसाठी.

नेमक्या त्याच सुमारास, डिसेंबर १९९५ मध्ये, चीनच्या आंतर मंगोलियात एक नवीकोरी रेल्वे सुरू झाली आणि तिच्यावर धावायला वाफेची इंजिनं आणली गेली. जिनिंग ते तोंगल्याओ, सुमारे ९४५ किलोमीटर, म्हणजे मुंबई-नागपूर रेल्वेमार्गाहून शंभरेक किलोमीटर जास्त. दोन्ही टोकांच्या नावांतली अक्षरं घेऊन तिला जितोंग म्हणतात. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इतका लांब नवा मार्ग वाफेवर सुरू करणं वेडेपणाचं वाटतं. तो वेडेपणा नव्हता. मार्ग प्रांतिक सरकार आणि रेल्वे मंत्रालय यांच्या भागीदारीतला, पैसा बेताचा. चीनची मुख्य रेल्वे त्या वेळी झपाट्याने डिझेल आणि विजेकडे वळत होती, त्यामुळे उत्तम स्थितीतली इंजिनं ढिगाने मोकळी होत होती. ही इंजिनं म्हणजे ‘छियानजिन’, अर्थ ‘आगेकूच’. दहा चालती चाकं, आणि कोळसा यंत्राच्या मळसूत्राने भट्टीत ढकलला जाणारा, कारण एवढ्या मोठ्या भट्टीला फावड्याने कोळसा पुरवणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. चीनने १९५६ ते १९८८ या काळात अशी सुमारे ४,७०० घडवली. त्यांतली बहुतेक दातोंगच्या कारखान्यातली. जितोंगला मिळालेली काही इंजिनं दहा-बारा वर्षांचीही नव्हती. मुलखात कोळशाच्या खाणी, हाताशी स्वस्त मजुरी, आणि मुख्य रेल्वेतून शिकून आलेले कारागीर. अशा परिस्थितीत मीही तोच निर्णय घेतला असता.

या मार्गावर जिंगपेंगची खिंड आहे. मार्ग डोंगराच्या अंगावरून वळसे घेत, वळणदार पुलांवरून आणि बोगद्यांतून वर चढतो. पुढे दोन इंजिनं जोडलेली मालगाडी खालच्या पुलावर दिसली की तीच पुन्हा वरच्या वळणावर दिसायला बराच वेळ जायचा. हिवाळ्यात तिथे पारा शून्याखाली पंचवीस-तीस अंशांवर उतरतो. त्या थंडीत धुराड्यातून निघालेली वाफ जागच्या जागी गोठून प्रचंड पांढरे लोट व्हायचे आणि गाडी निघून गेली तरी दरीत टांगलेले राहायचे. जगभरच्या छायाचित्रकारांना या लोटांनी वेड लावलं. जर्मनी, ब्रिटन, जपान, अमेरिकेतून माणसं दर हिवाळ्यात तिथल्या टेकड्यांवर पहाटेपासून कॅमेरे लावून उभी राहू लागली. जिंगपेंगची चित्रं पाहिली नाहीत असा रेल्वेवेडा माणूस सापडणं कठीण.

छायाचित्रकारांच्या पाठीमागे दाबानची शेड होती. या मार्गाचं काळीज तिथे होतं, आणि तिथली चित्रं मला खिंडीतल्या चित्रांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवतात. आतल्या वाफेत माणसांच्या नुसत्या आकृत्या दिसतात. चाकांच्या दांड्यांखाली एक जण उताणा, हातात ग्रीसचा डबा, शेजारी हातबत्ती. इंजिनाच्या अंगावर गोठलेल्या पाण्याचे सुळे लोंबतायत आणि दुसरा ते हातोडीने फोडतोय. भिंतीशी एक सुटं चाक, त्याच्या कडेला टेकवलेली चहाची बाटली. इथे इंजिनं खोलून परत जोडली जात होती. ‘मागास’ हा शब्द या शेडसमोर उभा राहून उच्चारता येणार नाही.

जितोंगची वाफ डिसेंबर २००५ मध्ये संपली. कारणं शोधताना एक गोष्ट माझ्या मनाला लागली. ही इंजिनं इथे आली होती ती कोणीतरी टाकून दिलेली म्हणून, स्वस्त म्हणून. दहा वर्षांत मुख्य रेल्वेवर वीज पसरली आणि आता डिझेल इंजिनं मोकळी होऊ लागली. तीही वापरलेली, तीही स्वस्त. ज्या दारातून वाफ आत आली त्याच दारातून डिझेलही आलं. त्याबरोबर दर काही अंतरावरच्या पाण्याच्या टाक्या, कोळशाचे ढीग, राखेचे खड्डे, इंजिन बदलायची स्थानकं आणि त्यांवर पोसलेली माणसं, सगळंच अनावश्यक झालं. त्यातही घडवणारे हात आधीच थांबले होते. दातोंगने १९८८ च्या डिसेंबरात वाफेचं शेवटचं मोठं इंजिन बाहेर काढलं. तांगशानचा कारखाना १९७६ च्या भूकंपात उद्ध्वस्त होऊन पुन्हा उभा राहिला होता. तो खाणी-गिरण्यांसाठी मध्यम आकाराची इंजिनं बनवत राहिला, आणि १९९९ साली तोही थांबला. कारखाना बंद झाला की शेडमधलं ज्ञान साठ्यावर जगतं, आणि साठा कधीतरी संपतोच.

चीनबाहेर पाहिलं तर प्रत्येक ठिकाणची वाफ वेगळ्या कारणाने टिकलेली दिसते. मूळ मात्र एकच: इंधन दाराशी आणि कारागीर घरचा. जावाच्या साखर कारखान्यांचं उदाहरण आपल्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला लगेच कळेल. तिथे उसाच्या फडापासून गव्हाणीपर्यंत अरुंद रुळांवर छोटी इंजिनं धावायची आणि त्यांच्या भट्टीत जळायचं ते चिपाड. उसाचा रस काढल्यावर उरलेलं, फुकटचं. हंगामापुरतं काम, इंधनाला पैसा नाही, आणि कारखान्याच्या फिटरखान्यात सगळी दुरुस्ती. काही कारखान्यांत हे या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत चाललं. यांतली कित्येक इंजिनं ओरेनस्टाइन अँड कॉपेल या जर्मन कंपनीची. याच कंपनीने आदमजी पीरभॉय यांच्या नेरळ-माथेरान मार्गासाठी इंजिनं पुरवली होती. माथेरानच्या वळणांवरून मुंबईकरांना थंड हवेला नेणारी आणि जावात ऊस वाहणारी ही यंत्रं एकाच घराण्यातली.

झिंबाब्वेची गोष्ट राजकारणाची आहे. ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारने १९६५ मध्ये एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं, जगाने निर्बंध घातले, तेल दुर्मिळ झालं. ह्वांगेच्या खाणींत कोळसा मात्र भरपूर. म्हणून जुनी गॅरॅट इंजिनं, मधे एक बॉयलर आणि दोन टोकांना चाकांचे दोन संच अशी अजस्र, भंगारात काढायच्या वेळी उलट पूर्ण दुरुस्त करून घेतली गेली. १९८० मध्ये देश खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाला तेव्हा नव्या सरकारला ती वारशात मिळाली आणि बुलावायोच्या शेडमध्ये ती पुढेही काम करत राहिली. पुढे देशावर इंधनटंचाई आली, तेव्हा यार्डात डबे हलवायला पुन्हा त्यांनाच पेटवलं गेलं.

बोस्नियात तुझलाजवळच्या कोळसा खाणींत दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने घाईघाईत, कमीत कमी सुट्या भागांत घडवलेली इंजिनं या शतकातही डबे ओढत होती. युद्धाच्या काही वर्षांपुरती म्हणून बनवलेली यंत्रं सत्तर-पंचाहत्तर वर्षं चालली. यावर मी एवढंच म्हणेन की साधेपणा हा तंत्रज्ञानातला गुण आहे आणि आपण त्याला गुण म्हणायला कचरतो.

अर्जेंटिनाच्या अगदी दक्षिण टोकाला, पॅटागोनियात, रिओ तुर्बिओची कोळसा रेल्वे होती. साडेसातशे मिलिमीटरचे रूळ, आपल्या शकुंतलेइतकेच अरुंद म्हणा ना, आणि माणूस उडून जाईल असे वारे. इथे जपानी बनावटीच्या, दहा चालत्या चाकांच्या इंजिनांवर लिव्हिओ दांते पोर्ता या इंजिनिअरने १९५०च्या दशकाच्या अखेरीस प्रयोग केले. भट्टीत हवा नुसती जाळीखालून न घेता बरीचशी वरून घ्यायची, खालून थोडी वाफ सोडायची, म्हणजे कोळशाचा आधी वायू होतो आणि मग तो वायू जळतो. चुरा उडून धुराड्यातून वाया जात नाही. ४८ टनांची ही इंजिनं १,७०० टनांच्या गाड्या ओढायची. पोर्तांचा विचार पुढे नेणारे डेव्हिड वॉर्डेल यांनी दक्षिण आफ्रिकेत १९८१ साली एक इंजिन या पद्धतीने सुधारलं. लाल रंगामुळे ते ‘रेड डेव्हिल’ म्हणून ओळखलं गेलं. मग वॉर्डेल चीनमध्ये ‘छियानजिन’वर काम करायला गेले, आणि काम हातात असतानाच दातोंगने वाफेची इंजिनं बनवणं थांबवलं. वाफेची क्षमता संपली होती म्हणून ती गेली, असं म्हणणाऱ्यांनी या दोघांचं काम पाहावं. सुधारायला वाव होता. सुधारायची इच्छा असलेली माणसं मात्र जगाच्या कडेला उभी होती, आणि जिथे निर्णय होत होते तिथे कोणाला वेळ नव्हता.

शिनजियांगमध्ये हामीजवळ सानदाओलिंग हे खाणगाव आहे. गोबीच्या कडेचं वाळवंट, मागे बर्फाचे डोंगर, आणि जमिनीत खोल खणत नेलेली उघडी खाण. तळातून कोळशाने भरलेल्या गाड्या ‘ज्येनशे’ जातीची इंजिनं दिवसरात्र वर आणत. जितोंग संपल्यावर सगळ्यांचे डोळे इकडे लागले. इथली वाफ २०२०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली, आणि जगातलं वाफेचं शेवटचं मोठं खरंखुरं काम म्हणून तिचं नाव घेतलं जातं. खाणीतला कोळसा सरत गेला तसं गाड्यांचं कामही सरलं. मला हा शेवट इतरांपेक्षा सरळ वाटतो. ज्या कोळशासाठी इंजिनं होती तो संपेपर्यंत ती त्याच कोळशावर चालली.

सिचुआनमधली बाशी रेल्वे मात्र मेली नाही, तिने रूप बदललं. १९५९ साली सुरू झालेला वीसेक किलोमीटरचा, ७६२ मिलिमीटरचा, म्हणजे नेमका बार्शी-शकुंतलेच्या मापाचा मार्ग. खाणीसाठी बांधलेला, पण डोंगरातल्या गावांना दुसरी वाटच नव्हती. म्हणून शाळेची पोरं, भाजीच्या टोपल्या, डुकरं, नवरी-नवरे, सगळं याच डब्यांतून जायचं. खाणकाम घटलं तसे वसंतात मोहरीसारख्या पिवळ्या फुलांच्या शेतांतून जाणारी गाडी पाहायला पाहुणे येऊ लागले आणि त्यांच्या तिकिटावर रेल्वे तगली. शकुंतला अशी तगली नाही. वऱ्हाडातला कापूस तिने मुंबईच्या गोदीपर्यंत आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोचवायला हातभार लावला. वाफ जाऊन डिझेल आलं, मग तीही गाडी बंद पडली. रूळ रुंद करा ही तिथल्या लोकांची मागणी किती वर्षांची आहे हे वऱ्हाडात कोणालाही विचारा. मिरज-कुर्डुवाडी-लातूर मार्ग या शतकात रुंद झाला. त्याचा मला आनंदच आहे. बार्शीच्या माणसाला लातूरला जाताना डोळ्यात कोळसा जायला हवा, असं मला मुळीच वाटत नाही.

हे मी मुद्दाम लिहितोय, कारण शेवटच्या वाफेवरचं लेखन बरंचसं पाहायला आलेल्यांनी केलेलं आहे. टेकडीवर उभ्या माणसाला काळा धूर हवा असतो. चित्रात तो छान दिसतो. फायरमनला तो नको असतो. त्याच्या छातीत जातो तो, आणि त्याच्या कामाची लाजही तोच वेशीवर टांगतो. चाळीस वर्षं भट्टीसमोर उभं राहिलेल्या माणसांचे डोळे, गुडघे, फुप्फुसं काय झाली होती हे मी घरात पाहिलं आहे. वाफ गेली म्हणून हळहळताना हे विसरणं मला शक्य नाही. पण त्याच माणसांना आपल्या कामाचा जो अभिमान होता तोही मी पाहिला आहे, आणि डिझेल आल्यावर त्यांना ज्या तऱ्हेने कोपऱ्यात बसवलं गेलं तेही. वीस वर्षांत कमावलेलं मनगट एका आदेशाने निकामी झालं. त्यांना नवं काम मिळालं, पगारही सुरू राहिला. मामाआजोबांना शेवटची वर्षं कुठल्याशा कार्यालयात कागद पोचवण्याचं काम होतं. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि त्याबद्दल ते कधी बोललेही नाहीत.

इंजिनं जपली जातात. जितोंगची ६९८८ आणि ७०८१ या क्रमांकांची दोन इंजिनं २००६ साली समुद्र ओलांडून अमेरिकेत आयोवाला गेली आणि तिथे पाहुण्यांच्या गाड्यांना जुंपली गेली. रेवाडीच्या शेडमध्ये आपली काही इंजिनं अजून वाफ धरतात. हे चांगलंच आहे. पण इंजिन जपणं आणि ते चालवणारं-घडवणारं काम जपणं यांत फरक आहे. एरिट्रियात तो फार स्पष्ट दिसतो. लाल समुद्रावरच्या मासावा बंदरातून दोन हजार मीटरांहून उंच अस्मारापर्यंत चढणारी इटालियनांच्या वेळची ९५० मिलिमीटरची रेल्वे तीस वर्षांच्या स्वातंत्र्ययुद्धात नष्ट झाली. रूळ आणि लोखंडी स्लीपर उपसून सैन्यांनी खंदकांची छपरं केली. १९९३ मध्ये देश स्वतंत्र झाला. परदेशी कंपन्यांनी दुरुस्तीचा जो खर्च सांगितला तो त्या गरीब देशाच्या आवाक्यातला नव्हता. तेव्हा सरकारने निवृत्त रेल्वे कामगारांना बोलावलं. सत्तरी ओलांडलेले लोहार, फिटर, ड्रायव्हर परत आले. डोंगरदऱ्यांतून खंदकांतले रूळ गोळा करून आणले गेले, अस्माराच्या कारखान्यातले जुने लेथ सुरू झाले, राष्ट्रीय सेवेतली तरुण पोरं त्यांच्या हाताखाली राबली. २००३ पर्यंत रेल्वे अस्मारात पोचली. त्या म्हाताऱ्यांपैकी निम्मे जरी दहा वर्षं आधी गेले असते तर हे झालं नसतं.

आपल्याकडे तिरुचिरापल्लीजवळच्या गोल्डन रॉक कारखान्याने निलगिरीच्या दातेरी मार्गासाठी या शतकात चक्क नवी वाफेची इंजिनं घडवली. म्हणजे नवा बॉयलर घडवण्याचं ज्ञान या देशात अजून हातांत आहे. शकुंतलेवर १९९४ साली पंचविशीत असलेला खलाशी आज साठीच्या अलीकडे-पलीकडे असेल. कुर्डुवाडीत, मूर्तिजापुरात, पुलगावला, मध्य प्रदेशातल्या नॅरो गेजच्या फाट्यांवर अशी माणसं आहेत. त्यांच्याकडे जाऊन कोणी विचारलं पाहिजे, की तुम्ही भट्टी कशी लावायचात, जड पाण्यावर काय उपाय करायचात, आवाजावरून कोणता बिघाड ओळखायचात. त्यांचे शब्दही लिहून घेतले पाहिजेत. प्रत्येक शेडची आपली बोली होती आणि ती कोणत्याही कोशात नाही.

जितोंग संपल्याच्या पुढच्या वर्षी एका मित्राने मला खिंडीतल्या गाड्यांची चित्रफीत दिली. मामाआजोबा तेव्हा सत्तरीपुढे होते, एका डोळ्याने कमी दिसायचं. मी त्यांना पडद्यासमोर बसवलं. दोन इंजिनांची मालगाडी पुलावर आली, पांढरे लोट आभाळाला भिडले. मला वाटलं, ते हरखतील. ते पुढे झुकून बघत राहिले. मग म्हणाले, “सगळी वाफ आहे ही. थंडीमुळे दिसतेय. धूर कुठाय? धूर फिका आहे. चांगला आहे गडी.” नंतर त्यांनी डोळे मिटून घेतले. चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके पडतात. दोन इंजिनांचे ठोके कधी एकमेकांत मिसळत होते, कधी सुटे होत होते. त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर हलत होतं. गाडी बोगद्यात शिरेपर्यंत ते मोजत होते.

“मागच्याचा एक ठोका लंगडा पडतोय,” ते म्हणाले. “व्हॉल्व्ह बघायला हवा त्यांनी.”